बारा सायकली, चार देश: युरोपातील सामूहिक सायकलदौऱ्याची आखणी

युरोपातील दीर्घ सायकलदौऱ्याचा विचार मनात आला की बहुतेक जण प्रथम नकाशा उघडतात. एकट्यादुकट्याने जायचे असेल तर त्यात काही वावगे नाही, कारण एका माणसाला कोणत्याही खेड्यात खाट मिळते आणि एक सायकल कोणत्याही गाडीत कशीबशी मावते. गटाचे तसे नसते. बारा जणांना सहा खोल्या लागतात, खानावळीत बारा खुर्च्या लागतात, फेरीबोटीत बारा सायकलींची जागा लागते, आणि यांपैकी एक गोष्ट जरी अकरांनाच पुरली तरी सगळ्यांचा खोळंबा होतो. म्हणून नकाशा थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि आपण किती जण आहोत, याचे उत्तर आधी पक्के करावे. सामान वाहणारी गाडी सोबत नसेल तर सहा ते आठ जणांचा गट माझ्या मते सर्वांत सुटसुटीत, बारापर्यंत निभावते, त्यापुढे गेल्यास दोन स्वतंत्र गट करून फक्त रात्रीच्या मुक्कामाला एकत्र येणे शहाणपणाचे.

पुढील विवेचनासाठी डॅन्यूब नदीकाठचा पासाऊ ते बुडापेस्ट हा मार्ग उदाहरण म्हणून घेतला आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी असे चार देश त्यात येतात, अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर भरते, आणि पहिल्याच दौऱ्याला निघालेल्या गटाला पेलेल इतपत तो सपाट आहे.

माणसांची जुळवाजुळव

गटात कोण येणार हे ठरले की प्रत्यक्ष दौऱ्याच्या किमान तीन महिने आधी सर्वांनी मिळून लागोपाठ दोन दिवस, पूर्ण सामान लादून, रोज साठ-सत्तर किलोमीटर सायकल चालवून पाहावी. पहिल्या दिवशी सगळेच हुशारीत असतात. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी खोगिरावर पुन्हा बसताना होते, आणि त्या दिवशी सर्वांत मागे असलेल्या माणसाचा जो वेग असेल तोच संपूर्ण गटाचा वेग, असे मानून पुढची सगळी गणिते करावीत. ही गोष्ट त्या माणसाला कमीपणा न वाटेल अशा रीतीने आधीच बोलून घ्यावी, नाहीतर तो पहिले तीन दिवस जिवापाड दामटतो आणि चौथ्या दिवशी गुडघा धरून बसतो.

वेगाचा हिशेब करताना आणखी एक चूक हमखास होते. ताशी सोळा किलोमीटरने सत्तर किलोमीटर म्हणजे साडेचार तास, हे गणित कागदावर बरोबर आहे. पण एकट्याने थांबणे आणि गटाने थांबणे यांत फार फरक असतो. एकाला रेनकोट घालायचा असतो, तो घालून होईपर्यंत दुसऱ्याला फोटो काढायचा असतो, आणि निघताना तिसऱ्याची बाटली बाकावर राहिलेली असते. समजा एका सायकलीला हजार किलोमीटरमागे एक पंक्चर होते. बारा सायकली रोज सत्तर किलोमीटर म्हणजे एकूण आठशे चाळीस किलोमीटर धावतात, म्हणजे जवळजवळ रोज एक पंक्चर गटाच्या वाट्याला येणारच. हे सारे धरून सत्तर किलोमीटरच्या दिवसाला आठ तास ठेवावेत. मुक्कामी लवकर पोहोचल्याची तक्रार कोणी करत नाही.

पैशाचे बोलणेही याच वेळी उरकावे. प्रत्येक कॉफीला ‘टीटीएमएम’ करत बसले तर बारा जणांची बिले वेगळी करता करता वाढप्याचा आणि आपला दोघांचाही संयम सुटतो. मुक्काम, सामायिक जेवण, फेरीबोट आणि दुरुस्तीचे साहित्य यांसाठी एक सामायिक गंगाजळी करावी, ती सांभाळायला एकच खजिनदार नेमावा आणि उरलेला वैयक्तिक खर्च ज्याचा त्याने करावा. मध्येच कोणी दौरा सोडला तर आधीच भरलेल्या खोल्यांचे पैसे परत मिळणार की नाहीत, हे लेखी ठरवलेले असावे. मित्रांमध्ये कसले लिहून घ्यायचे, असे वाटते खरे. परंतु वाद होतात ते मित्रांमध्येच.

मार्ग आणि ऋतू

युरोपभर पसरलेल्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गांच्या जाळ्याला युरोवेलो म्हणतात. त्यात सतरा मार्ग असून त्यांची व्यवस्था युरोपियन सायक्लिस्ट्स फेडरेशन ही संस्था पाहते. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रुमानियातील काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोवेलो ६ सुमारे ४,४५० किलोमीटरचा आहे आणि आपला पासाऊ-बुडापेस्ट टप्पा त्याचाच भाग. आल्प्समधील आंडरमाटपासून ऱ्हाइनच्या काठाने नेदरलँड्समधील हूक फान हॉलंडपर्यंत जाणारा युरोवेलो १५ साधारण दीड हजार किलोमीटरचा आहे. डोंगराची हौस असेल तर ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग ते इटलीतील ग्राडो हा सुमारे चारशे किलोमीटरचा आल्पे-आद्रिया मार्ग पाहावा. त्याच्या इटलीतील भागात जुन्या, बंद पडलेल्या लोहमार्गावर सायकलवाट केली आहे, त्यामुळे बोगदे आणि पूल आयते मिळतात. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तर चौकाचौकांना क्रमांक दिलेले आहेत, आणि दिवसाचा मार्ग म्हणजे हँडलला चिकटवलेल्या कागदावरची पाच-दहा आकड्यांची ओळ, इतके ते सोपे होते.

नदीकाठचा मार्ग निवडला तर प्रवाहाच्या दिशेने जावे, हे उघड आहे. पण डॅन्यूबच्या बाबतीत उतारापेक्षा वाऱ्याचा मुद्दा मोठा. या भागात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. ब्रातिस्लाव्हाच्या पुढे गाबचिकोवोच्या धरणकालव्यालगत बांधावरची वाट कित्येक किलोमीटर सरळ जाते. तिथे ना झाड, ना वळण. वारा पाठीवर असेल तर तो तास मजेत जातो, आणि समोरून असेल तर गटातील प्रत्येकाला आपण इथे का आलो, असा प्रश्न पडतो.

मे अखेर ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर हे दोन काळ मला सर्वांत योग्य वाटतात. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्ट्यांमुळे खोल्या मिळणे अवघड होते आणि हंगेरीच्या मैदानात ऊन चांगलेच भाजते. मात्र पावसाचा आणि पुराचा विचार सोडू नये. जून २०१३ मध्ये पासाऊला डॅन्यूबची पातळी १२.८९ मीटरपर्यंत चढली होती. त्या शहरात १५०१ नंतर एवढा पूर आला नव्हता. इतका प्रसंग क्वचितच येतो, पण नदीला थोडे पाणी चढले तरी काठाची वाट एखाद-दोन ठिकाणी बंद होते. म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी दुसऱ्या काठाचा मार्ग आणि जवळचे रेल्वे स्थानक नोंदवून ठेवावे.

टप्पे पाडताना पासाऊ ते व्हिएन्ना या सुमारे सव्वातीनशे किलोमीटरसाठी पाच दिवस, व्हिएन्नात एक पूर्ण विश्रांतीचा दिवस, आणि तिथून ब्रातिस्लाव्हा, ग्योर, कोमारोम, एस्टरगोम करत बुडापेस्टपर्यंत आणखी पाच दिवस अशी मांडणी करावी. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ खोऱ्याचा टप्पा जेमतेम छत्तीस किलोमीटरचा आहे आणि तो तेवढाच ठेवावा. द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागांमधून जाणारी ही वाट एका दमात पार करून पुढचे शहर गाठण्यात काय मिळते, हे मला कधी कळले नाही. श्पिट्झजवळ नदी ओलांडणारी फेरीबोट पाहण्यासारखी आहे: तिला इंजिन नाही, वर ताणलेल्या तारेला बांधलेली ती बोट नावाडी सुकाणूने प्रवाहाला तिरकी धरतो आणि नदीचा जोरच तिला पलीकडे ढकलत नेतो.

खोल्या, रविवार आणि रेल्वे

बारा जणांची सोय एकाच छपराखाली हवी असेल तर किमान सहा महिने आधी नोंदणी करावी. जर्मनीत ‘बेट+बाइक’ आणि फ्रान्समध्ये ‘अक्युई व्हेलो’ अशी चिन्हे असलेली निवासस्थाने सायकलस्वारांना एका रात्रीसाठीही खोली देतात आणि सायकली कुलूपबंद ठेवायला जागा देतात. एका रात्रीचा मुद्दा क्षुल्लक नाही. हंगामात अनेक ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींची अट असते. खोल्यांची वाटणी करताना घोरणाऱ्यांना एकत्र ठेवावे, हा सल्ला थट्टेचा वाटला तरी अगदी मनापासून दिलेला आहे. तंबू न्यायचे असतील तर अधिकृत छावण्यांचाच विचार करावा, कारण वाटेल तिथे तंबू ठोकण्यास बहुतेक देशांत मनाई आहे.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकाने बंद असतात. शिवाय खेड्यातील खानावळींना आठवड्यातील एक दिवस सुट्टी असते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे सोमवारी किंवा मंगळवारी संध्याकाळी संपूर्ण गावात एकही चूल पेटलेली नाही, असेही घडते. एका माणसाची भूक पाव आणि चीजवर भागते. बारा जणांसाठी मात्र दुपारीच फोन करून टेबल राखून ठेवणे आवश्यक आहे. १५ ऑगस्टची, येशूची आई मारिया हिच्या सणाची सुट्टी ऑस्ट्रियात आणि जर्मनीतील बव्हेरियाच्या बहुतांश भागात असते, तर २० ऑगस्ट हा हंगेरीचा राष्ट्रीय दिवस आहे. त्या आठवड्यात बुडापेस्टमध्ये बारा खाटा शोधायची वेळ येऊ देऊ नये.

रेल्वेच्या बाबतीत गटाचे गणित सर्वांत जास्त चुकते. युरोपीय संघाच्या नियमानुसार जून २०२५ पासून नव्या किंवा मोठी डागडुजी झालेल्या गाड्यांत किमान चार सायकलींची सोय असावी लागते. चार! लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलीसाठी जागा मोजकी असते आणि ती तिकिटासोबत आधी राखून ठेवावी लागते, तर प्रादेशिक गाड्यांत आरक्षण बहुधा नसते आणि जो आधी येईल त्याची सायकल आत जाते. एका लहान स्थानकावर आमचे बारा जण दोन डब्यांच्या गाडीपुढे उभे राहिले तेव्हा आत आधीच तीन सायकली आणि एक बाबागाडी होती. तिकीट तपासनीसाने शांतपणे आमची डोकी मोजली, चार बोटे वर केली आणि मान हलवली. चौघे चढले. त्या चौघांत आमचा खजिनदार होता, आणि पुढील तिन्ही गाड्यांची तिकिटे काढण्याचे पैसे त्याच्याच कमरेच्या पिशवीत होते. तेव्हापासून गट चार-चारच्या तीन तुकड्यांत विभागायचा, प्रत्येक तुकडीकडे स्वतंत्र रोख रक्कम, एक पंप आणि मुक्कामाचा पत्ता असायचा, असा नियमच आम्ही केला.

कागदपत्रे, चलन आणि विमा

ज्यांच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा, लागतो त्यांनी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची आहे, हे लक्षात ठेवावे. प्रौढांसाठी शुल्क सध्या ९० युरो आहे. अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, म्हणजे आपल्या उदाहरणात ऑस्ट्रियाकडे. गटातील सर्वांच्या अर्जांना एकच दिनक्रम आणि त्याच आरक्षणांच्या प्रती जोडाव्यात. दोघांच्या कागदांत मुक्कामाची गावे वेगळी दिसली तर नाहक शंका निर्माण होते. प्रवासी वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. त्या विम्यात सायकलवरील अपघात आणि अनेक दिवसांचा सायकलदौरा वगळलेला नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. शेंगेन क्षेत्रातील वास्तव्याची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस इतकी आहे. सीमांवर एरवी कोणी अडवत नसले तरी अधूनमधून तात्पुरती तपासणी सुरू होते, म्हणून पासपोर्ट सायकलच्या पिशवीत न ठेवता अंगावर बाळगावा.

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो चालतो, हंगेरीत फोरिंट. एस्टरगोमला ही गंमत अनुभवता येते: १९४४ मध्ये उद्ध्वस्त झालेला आणि २००१ मध्ये पुन्हा उभारलेला मारिया व्हालेरिया पूल ओलांडला की पलीकडे स्लोव्हाकियातील श्टुरोवो, आणि पाच मिनिटांत पाकिटातील नोटा बदलाव्या लागतात. बुडापेस्टच्या पुढे सर्बियात जायचे ठरवल्यास तो देश युरोपीय संघात आणि शेंगेनमध्येही नाही, त्यामुळे व्हिसा, दिनार आणि मोबाइलचे दर या तिन्हींची वेगळी व्यवस्था करावी लागते. संघातील देशांत मात्र २०१७ पासून एकाच देशाचे सिम जादा रोमिंगशुल्काशिवाय चालते. मदतीसाठी सर्वत्र ११२ हा क्रमांक आहे.

सायकली आणि सुटे भाग

सायकल कोणत्या कंपनीची हे महत्त्वाचे नाही; गटातील सायकली एकमेकींशी किती जुळतात, हे महत्त्वाचे. चाकांचा आणि टायरचा आकार सर्वांचा सारखा असेल तर सहा ट्यूब आणि दोन टायर बारा जणांना पुरतात. सहा वेगवेगळे आकार असतील तर प्रत्येकाने स्वतःचे दुकान पाठीवर वाहावे लागते. काही वाटा डांबरी तर काही बारीक खडीच्या असल्याने ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर सोयीचे पडतात. व्हॉल्व्हही एकाच प्रकारचे असावेत. डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा, मात्र जवळजवळ प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो आणि खेड्यातील दुकानात तो मिळत नाही, म्हणून तो ज्याचा त्याने न्यावा. ब्रेकचे पॅड, साखळीचे जोडदुवे, केबल आणि चार-सहा आरे एकाच्या ताब्यात असावेत, आणि ते कोणाच्या पिशवीत आहेत हे सर्वांना ठाऊक असावे. तो माणूस नेहमी मागे चालतो, कारण मोडलेली सायकल मागेच राहते.

गटात कोणाला ई-सायकल हवी असेल तर ती तिथेच भाड्याने घ्यावी. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि ई-सायकलची बॅटरी बहुधा ४०० वॅट-तासांच्या वर असते. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत करता येतील अशा साध्या सायकलीही या मार्गावर मिळतात. त्यांचे भाडे आणि स्वतःची सायकल विमानातून नेण्याचा खर्च यांची तुलना केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

वाटेवरची शिस्त

पुढे एक लीड, सर्वांत मागे एक बॅक लीड, आणि दोघांकडेही संपूर्ण मार्ग इंटरनेटविना चालेल अशा रीतीने फोनमध्ये उतरवलेला, ही किमान व्यवस्था झाली. त्याहून उपयोगी असा साधा नियम म्हणजे वळणावरचा पहारा: मार्ग वळतो तिथे लीडच्या मागचा सायकलस्वार थांबतो आणि बॅक लीड दिसेपर्यंत जागचा हलत नाही. हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी कंटाळा करून मोडला. पासाऊच्या पुढे नदी जंगलातून मोठे वळण घेते त्या भागात पूल फार थोडे आहेत; आम्ही उजव्या काठाला आलो, दोघे गप्पांच्या नादात डाव्या काठानेच पुढे गेले आणि आउ नावाच्या वस्तीपाशी पोहोचले. तिथे डाव्या काठाची वाट संपतेच. पुढे जायचे तर फेरीबोट. समोरच्या काठावर आमची पिवळी जाकिटे त्यांना दिसत होती, त्यांच्या हाका आम्हाला ऐकू येत होत्या, आणि मध्ये डॅन्यूब वाहत होती. बोट येऊन ते पलीकडे उतरेपर्यंत आमचे दुपारचे जेवण थंड झाले.

देशागणिक नियम बदलतात आणि गटाच्या संख्येप्रमाणेही बदलतात. जर्मनीत पंधरापेक्षा जास्त सायकलस्वार एकत्र असतील तर त्यांना संघ म्हणून दोन-दोनच्या रांगेत जाता येते. बारा जणांना ती मुभा नाही. ऑस्ट्रियात दहा किंवा अधिक जणांच्या गटाला चौक एकत्र ओलांडू द्यावा लागतो, पण पहिल्या आणि शेवटच्या स्वाराने परावर्तक जाकीट घातलेले असले पाहिजे. स्लोव्हाकियात वस्तीबाहेर हेल्मेट सर्वांना सक्तीचे आहे, हंगेरीत वस्तीबाहेर अंधारात किंवा कमी प्रकाशात परावर्तक जाकीट लागते. प्रत्येक देशासाठी वेगळी यादी पाठ करण्यापेक्षा हेल्मेट, जाकीट, दिवे आणि घंटी सर्वांनी पहिल्या दिवसापासून वापरावी, हे सोपे. वाखाउमधील द्राक्षमळेवाल्यांच्या अंगणात दुपारी बसण्याचा मोह होणारच. ऑस्ट्रियात सायकलस्वारासाठी रक्तातील मद्याची मर्यादा ०.८ प्रति सहस्र आहे, हे ध्यानात ठेवून पेला संध्याकाळसाठी राखावा.

परतीची तयारी निघण्यापूर्वी करावी. बुडापेस्टमधून विमानाने सायकली न्यायच्या तर बारा मोठी खोकी लागतात, आणि एका दुकानात एका वेळी दोन-तीनच रिकामी असतात. त्यामुळे तीन-चार दुकानांना आठवडाभर आधी कळवून ठेवावे आणि विमानाच्या आधीचा पूर्ण दिवस बांधाबांधीसाठी मोकळा सोडावा. पेडल काढण्यासाठी पंधराचा पाना हवा असतो, काही पेडलांना षटकोनी किल्ली लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते सैल करायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. सर्व पेडल घरूनच एकदा काढून, आट्यांना ग्रीस लावून पुन्हा बसवावेत, म्हणजे बुडापेस्टच्या हॉटेलच्या अंगणात रात्री अकरा वाजता एकाच पान्यावर तिघांना लटकावे लागत नाही.